कोणत्या वॉर्डात

६ फेब्रुवारी

आत्या,

तुला ऐकू कमी येतं, तेव्हा फोनवर ओरडण्यापेक्षा लिहिणं बरं, हे तूच ठरवलंस. आज ते माझ्या पथ्यावर पडलं, कारण ओरडायला पोटात जोर नाही. पोटाला टाके आहेत. मी दवाखान्यात आहे, तुझ्याच दवाखान्यात, जिथे तू एकतीस वर्षं काढलीस, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. घाबरू नकोस, जीव वाचलाय. कसा वाचला ते मात्र तुला कळायला हवं.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला मी दोन नंबरच्या लिफ्टचं काम काढलं होतं. दार बंद होताना अडकत होतं. गेली चार वर्षं इथल्या दोन्ही लिफ्टची देखभाल माझ्याकडेच आहे, त्यामुळे सगळे ओळखतात. सिस्टर लोक 'लिफ्टवाले दादा' म्हणतात. साडेदहाच्या सुमारास ओटीपोटात डावीकडे अशी कळ आली की हातातला पाना गळून पडला. रखवालदार काकांनी मला धरलं आणि केसपेपरच्या खिडकीवर नेलं.

खिडकीवरचा कारकून आधी हसला. "काय दादा, आज लिफ्ट सोडून इकडे?" मग त्याने ओळखपत्र बघितलं. त्यावर अजून जुनं नाव आहे आणि 'स्त्री' आहे. बदलायचा अर्ज चौदा महिने सरकारी टेबलावर पडून आहे. त्याने कार्डाकडे बघितलं, माझ्या दाढीकडे बघितलं. म्हणाला, "हे कार्ड कोणाचं?"

मी काही लपवलं नाही. सांगितलं, मी ट्रान्स पुरुष आहे, पाच वर्षं हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत, गर्भाशय आणि अंडाशय अजून शरीरात आहेत, दुखणं तिथलंच असणार, ताबडतोब सोनोग्राफी करा. हे सगळं मी रांगेतल्या पंधरा लोकांसमोर, वाकलेल्या अवस्थेत सांगितलं.

तिथून मला चाकाच्या खुर्चीवर तिसऱ्या मजल्यावर स्त्री-विभागात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "इथे पुरुष चालत नाही. बाकीच्या पेशंटना अवघडल्यासारखं होतं." मग खाली, पुरुषांच्या सर्जरीकडे. सर्जन म्हणाले, "हा अवयव आमच्याकडचा नाही. वर पाठवा." वर पाठवलं. वरून पुन्हा खाली. दोन नंबरची लिफ्ट मीच उघडून ठेवलेली, म्हणून प्रत्येक वेळी एक नंबरची वाट बघायची. तीन फेऱ्या झाल्या. मग मला तळमजल्याच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, अधीक्षकांची लेखी परवानगी येईपर्यंत कोणत्याच वॉर्डात घेता येत नाही. अधीक्षक मीटिंगला गेले होते. मी बाकावर उलट्या करत होतो आणि येणारे-जाणारे ओळखीने विचारत होते, "दादा, लिफ्ट कधी चालू होणार?"

साडेतीनला मी बाकावरून खाली पडलो. मग मात्र कोणाला काही विचारायची गरज उरली नाही. पावणेपाचला ऑपरेशन झालं. डाव्या अंडाशयाला पीळ पडला होता. पाच तासांत तो कुजून काळा पडला, काढावा लागला. भूल देणारे डॉक्टर भले आहेत. म्हणाले, दुपारी बारापर्यंत आला असतास तर पीळ सोडवून वाचवता आला असता.

मी साडेदहाला आलो होतो, आत्या.

तुझा


१२ फेब्रुवारी

बाळ,

पत्र वाचलं. कशी आहेस आता? ताप नाही ना? टाक्यांतून पाणी येत असेल तर लगेच दाखव, अंगावर काढू नकोस. जड उचलायचं नाही, निदान सहा आठवडे. लिफ्टचं काम दुसऱ्या कोणाला करू दे.

आता रागावू नकोस, पण एक सांगते. मी तिथे हयात घालवली. आमच्याकडे दाराशी आलेल्या माणसाला कधी परत पाठवलं नाही. तू दुखण्याच्या भरात नीट सांगितलं नसशील. घाबरून गेली असशील, त्यात तुझा तो अवतार, दाढी, खिळ्या-पान्यांचा पट्टा. समोरच्याचा गोंधळ होणारच की. स्टाफही किती कमी असतो, तुला काय ठाऊक. एकेक सिस्टर चाळीस पेशंट बघते.

तू अधीक्षकांना एक नम्र अर्ज कर. आदळआपट करू नकोस. गोड बोलून होतं ते भांडून होत नाही. तुझ्या बाबांना मी काही कळवलेलं नाही. कळवलं तर तो काय म्हणेल ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

देवदयेने वाचलीस, हेच खूप.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

काल घरी आलो. टाके कोरडे आहेत.

तुझ्या पत्रात मी तीन ठिकाणी बाई आहे. 'कशी आहेस', 'घाबरून गेली असशील', वगैरे. सहा वर्षं मी हे सोडून देत आलो, कारण घरातलं फक्त तुझंच पत्र येतं. 'म्हातारीची सवय' म्हणून हसायचो. आता नाही हसू येत. बाकावर बसलो होतो तेव्हा दोन डॉक्टर माझ्यासमोर, मी तिथे नाहीच अशा थाटात, 'ती' म्हणावं की 'तो' म्हणावं यावर चर्चा करत होते. एकाला हसू आवरत नव्हतं. मी तोवर दोनदा उलटी केली होती.

आणि नीट सांगितलं नसेन म्हणतेस? मी इतकं नीट सांगितलं की निदानसुद्धा मीच केलं. त्यांना फक्त यंत्र पोटावर ठेवायचं होतं.

नम्र अर्जाचंही ऐक. घरी सोडताना जो कागद दिला त्यावर लिहिलंय, 'रुग्ण दु. ३.३० वाजता दाखल. उशिरा आल्यामुळे अवयव वाचवता आला नाही.' उशिरा आल्यामुळे. म्हणजे चूक माझी. सकाळचा केसपेपर कुठे आहे विचारलं तर खिडकीवरचा तोच कारकून म्हणतो, असा केसपेपर निघालाच नाही.

पण लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एक वही असते. काम कधी सुरू केलं, कधी थांबवलं, का थांबवलं, हे तिच्यात लिहावं लागतं आणि खाली दवाखान्याच्या माणसाची सही लागते. त्या दिवशीची ओळ रखवालदार काकांनी स्वतः लिहिली आहे: 'स. १०.४०. मेकॅनिकला पोटात जोरात दुखायला लागल्याने काम बंद. मेकॅनिकला केसपेपरकडे नेले.' खाली त्यांची सही. काका चौथी शिकलेत, पण त्यांचं ते एक वाक्य अख्ख्या दवाखान्याच्या कागदांपेक्षा खरं आहे. काल मी वही मागितली तर म्हणाले, "दादा, मी ती आधीच माझ्या डब्याच्या पिशवीत घालून ठेवली आहे. इथे कागदांना पाय फुटतात."

मी रीतसर तक्रार केली आहे. नम्र नाही.

तुझा भाचा


२४ फेब्रुवारी

बाळ,

पत्र मिळालं. तू बरं झालंस, घरी आलंस, हे वाचून जीव भांड्यात पडला. तू तक्रार केलीस ते तुझ्या जागी ठीकच असेल.

एक विचारायचं होतं. परवानगीशिवाय घेता येत नाही असं जे म्हणाले, ते नुसतंच म्हणाले की काही कागद दाखवला? कागद असेल तर कधीचा आहे? उगाच विचारते. कागद जुना असेल तर आताच्या लोकांचा तरी त्यात काय दोष.

तब्येतीला जप.

आत्या


३ मार्च

आत्या,

'झालंस', 'आलंस'. मी दोनदा वाचलं, मग लक्षात आलं. बाई म्हणायचं नाही, पुरुष म्हणवत नाही, म्हणून नपुंसकलिंग. आपण मांजराला असं म्हणतो, आत्या. 'आलंस का दूध प्यायला.' तुला वाटलं असेल मधला रस्ता काढला. त्या दिवशी मला ज्या बाकावर बसवलं होतं तोसुद्धा बरोबर मधल्या रस्त्यातच होता, ना या वॉर्डात ना त्या.

कागद आहे. दाखल-टेबलाच्या मागे चौकटीत लावलाय. परवा तक्रारीची पोच घ्यायला गेलो तेव्हा उतरवून घेतला: 'ज्या रुग्णाच्या ओळखपत्रावरील लिंग व प्रत्यक्ष दिसणे यांत तफावत आढळेल, अशा रुग्णास मा. अधीक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही वॉर्डात दाखल करू नये.' तारीख अठरा वर्षांपूर्वीची. खाली सही आहे, पण झेरॉक्सची झेरॉक्स काढून तिचा नुसता काळा डाग झालाय.

ज्याने कोणी हे लिहिलं त्याचं मला कौतुक वाटतं. किती सुबक वाक्य आहे. 'मरू द्या' असा शब्द कुठेही नाही.

तू तेव्हा तिथेच होतीस. कोणी काढला हा नियम, आठवतं का? माझ्या तक्रारीवर नेमलेल्या चौकशी समितीला नाव द्यायचं आहे.

तुझा भाचा


४ एप्रिल

बाळ,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. आता एका बैठकीत लिहून टाकते.

तो नियम मी लिहिला. तो काळा डाग म्हणजे माझी सही.

तेव्हा मी स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डची सिस्टर होते. एक बाई न्यूमोनियाने दाखल झाली. कपड्यांना इस्त्री करून देण्याचं काम करायची, हातांवर भाजल्याच्या खुणा होत्या. अंगात एकशेचार ताप. कागदावर पुरुषाचं नाव होतं आणि आली होती साडी नेसून. मी तिला खाट दिली, खरंच दिली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनी आरडाओरडा केला. मला वाद नको होता. मी तिची खाट बाहेर पॅसेजमध्ये, चादरींच्या खोलीसमोर नेऊन ठेवली. वॉर्डातलं न्हाणीघर वापरू नको म्हणून सांगितलं. तापातली ती बाई जिना उतरून आवारातल्या मोरीवर जायची. मला दिसत होतं. हातातलं काम सोडून मधे कशाला पडायचं, म्हणून मी न बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या दिवशी खाट रिकामी होती. सलाईनची सुई काढून उशीवर ठेवलेली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'स्वतःहून निघून गेला.' गेला, असं लिहिलं. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

अधीक्षक म्हणाले, पुन्हा असा प्रसंग नको, एक नियम करा. माझं अक्षर चांगलं, भाषा चांगली. मी लिहिला. मेट्रन झाले तेव्हा तो चौकटीत घालून भिंतीला लावला. नियम असला की कोणाचा आवाज चढत नाही, याचा मला अभिमान वाटायचा. तुला मी लिहिलं होतं ना, की आमच्याकडे कोणाला परत पाठवलं नाही. ते खोटं नव्हतं. परत नाहीच पाठवलं. पॅसेजमध्ये ठेवलं.

तुझं पहिलं पत्र आलं, त्यात 'अधीक्षकांची लेखी परवानगी' हे शब्द वाचले, तेव्हाच मला कळलं होतं. कळल्यावरही मी तुला लिहिलं की तू नीट सांगितलं नसशील.

तू साडेदहाला आला होतास. तू नीट सांगितलं होतंस. तू काहीही चुकला नाहीस. ज्या बाकावर तू पाच तास बसला होतास, तो बाक मी अठरा वर्षांपूर्वी तुझ्यासाठी तिथे टाकून ठेवला होता.

क्षमा मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू.

आत्या


१० एप्रिल

आत्या,

पत्र वाचलं. मग रजेवर असूनही लिफ्टच्या मशीनच्या खोलीत जाऊन बसलो, कारण तिथे मोटारीचा आवाज असतो आणि माणसाने कितीही तोंड सोडलं तरी कोणाला ऐकू येत नाही.

सही पुसट झाली म्हणून तू महिनाभर गप्प बसलीस. ठळक असती तर? तर पहिल्याच पत्रात रडली असतीस. म्हणजे तुझा कबुलीजबाबसुद्धा झेरॉक्स मशीनवर अवलंबून.

आणि आता मला 'आला होतास' लिहितेस. अख्खा अवयव गेल्यावर मला एक काना मिळाला. बरं झालं, ठेवून घेतो.

ती इस्त्री करणारी बाई माझ्या डोक्यातून जात नाही. एकशेचार तापात जिना उतरून जाणारी. तिला लिफ्टसुद्धा वापरू दिली नसेल.

हे पत्र मला लिहून काय उपयोग? मला तर माहीतच होतं की माझी चूक नव्हती. ज्यांना माहीत करून घ्यायचं नाहीये, त्यांच्यासमोर बोल. चौकशी एकवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता, पहिल्या मजल्यावर. यायचं तर ये. नाही आलीस तर मी तुझं पत्र वाचून दाखवीन. विचारत नाहीये, सांगतोय.

तुझा भाचा


२३ एप्रिल

बाळ,

घरी पोचले. बसमध्ये बसून गुडघे आखडलेत, बाकी बरी आहे. मला आत बोलावल्यावर 'तक्रारदाराने बाहेर थांबावं' म्हणून तुला बाहेर काढलं, तेव्हा आत काय झालं ते लिहून कळवते. तू स्टँडवर सोडायला आलास, पण तिथे तू बोलत नव्हतास आणि मला ऐकू येत नव्हतं. छान जोडी जमली होती.

तिघं होते. मधे अधीक्षक, एका बाजूला बाहेरून बोलावलेले निवृत्त न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला तुला दारातून परत पाठवणाऱ्या त्याच डॉक्टरीणबाई. त्यांच्याविरुद्ध तक्रार, आणि त्याच चौकशीला. मी म्हटलं, या इथे कशा? अधीक्षक म्हणाले, "विभागप्रमुख म्हणून बसल्यात."

मग त्यांनी हळू आवाजात विचारायला सुरुवात केली. मी कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं आणि म्हटलं, "मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोला." त्यामुळे जे काही झालं ते पॅसेजपर्यंत ऐकू गेलं असणार. तुलाही गेलं असेलच, पण तरी लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी ओरडून विचारलं, "तुमच्या भाचीने त्या दिवशी..."

"मला भाची नाही."

"पेशंट तुमची कोण?"

"पेशंट माझा भाचा. चार वर्षं तुम्ही त्याच्या लिफ्टमधून वर जाता. तेव्हा तो दादा होता. पोटात दुखायला लागल्यावर कसा बदलला?"

मग बाहेर जाताना तू माझ्या हातात दिलेली रखवालदारांच्या नोंदीची वही मी न्यायाधीशांपुढे ठेवली. सकाळी दहा चाळीस. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि अधीक्षकांना विचारलं, "मग साडेतीन कुठून आले?" अधीक्षक म्हणाले, क्लार्ककडून अनवधानाने झालं असेल. मी म्हटलं, "अनवधानाने घड्याळ पाच तास पुढे जात नाही. मी इथे एकतीस वर्षं अशी रजिस्टरं लिहिली आहेत. मला माहीत आहे वेळ कशी बदलतात आणि का बदलतात."

मग नियमाचं सांगितलं. सही कोणाची, कोणत्या दिवशी, कोणाला पॅसेजमध्ये ठेवून. त्या बाईचंही सांगितलं, हातांच्या खुणांसकट. अधीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही निवृत्त आहात, आता कशाला अंगावर ओढून घेता?" मी म्हटलं, "माझ्याच अंगावरचं आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर टाकत होते." खाली आल्यावर दाखल-टेबलावरच्या सिस्टरला सांगून चौकट उतरवून घेतली. तिने विचारलंसुद्धा नाही. तिला अजून मी मेट्रनच वाटते.

निकाल तुला टपालाने येईल, पण न्यायाधीशांनी मला जाता जाता सांगितला. 'उशिरा आला' हे वाक्य खोडणार. नियम रद्द. दोन्ही डॉक्टरांना 'समज देण्यात येईल'. एवढंच. समज देणं म्हणजे काय ते मला विचार. मी जन्मभर दिली आहे. समज देतात तेव्हा काहीच देत नाहीत.

जुनी रजिस्टरं तळघरात आहेत म्हणे. पुढच्या महिन्यात येऊन त्या बाईची नोंद शोधणार आहे. पत्ता लिहिलेला असेल. अठरा वर्षांनी कोण भेटणार, हे मलाही कळतं. तरी जाणार आहे. तू सोबत आलाच पाहिजेस असं नाही.

आत्या


१६ जून

आत्या,

कामावर रुजू झालो, त्याला दोन आठवडे झाले. दोन्ही लिफ्ट चालू आहेत. सर्जनसाहेब परवा आत आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिसरा." मी बटण दाबलं. तीन मजले दोघंही आकड्यांकडे बघत होतो. त्यांना समज मिळाल्याचं काही तोंडावर दिसलं नाही.

तू तळघरातल्या रजिस्टरातून काढून दिलेल्या त्या बाईच्या पत्त्यावर मी जाऊन आलो. तुला सांगितलं नव्हतं, तुझे गुडघे आणि ती चढण. तिथे आता गोदाम आहे. शेजारच्या दुकानदाराला एक इस्त्रीवाली आठवते. बाई होती, पुष्कळ वर्षांपूर्वी इथून गेली, म्हणाला. 'गेली' म्हणजे दुसरीकडे गेली की वारली, हे त्याला माहीत नाही. तो मात्र सहजपणे 'ती' म्हणत होता. त्याने कुठला नियम वाचलेला नव्हता.

आज जे झालं त्यासाठी हे पत्र लिहितोय. दुपारी मी दाखल-टेबलाजवळ दाराचा सेन्सर बदलत होतो. एक मुलगी आली, विशीतली, मनगट सुजून कोपराएवढं झालेलं. कार्डावर मुलग्याचं नाव असणार, कारण खिडकीवरच्या त्या कारकुनाने कार्ड बघून मान वर केली. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. त्याला मी दिसलो. त्याने कार्ड परत दिलं आणि विचारलं, "ताई, कुठे पडलात?" सिस्टर आली, तिला स्त्रियांच्या बाजूला घेऊन गेली, पडदा ओढला. एक्स-रेला पाठवलं. कोणाला अवघडल्यासारखं झालं नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई तिला विचारत होत्या, दुखतंय का ग फार.

मी घड्याळ बघत होतो. खिडकीपासून खाटेपर्यंत अकरा मिनिटं लागली.

तुला बरं वाटावं म्हणून हे कळवत नाही. तुला राग यावा म्हणून कळवतोय, कारण मला आला. त्यासाठी नवीन यंत्र आणावं लागलं नाही, भिंत पाडावी लागली नाही, कोणी कसलं प्रशिक्षण घेतलं नाही. माणसं तीच, खिडकी तीच. म्हणजे त्या मंगळवारीही हे अकरा मिनिटांत होण्यासारखं होतं. अठरा वर्षांपूर्वीही होतं. करायचं नव्हतं, एवढंच.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. फक्त आता तो तुझ्या एकटीवर राहिला नाही, त्यामुळे तुझ्या वाट्याला थोडा कमी येईल.

पुढच्या वेळी आणखी रजिस्टरं चाळायला तळघरात उतरशील तेव्हा जिन्याने जाऊ नकोस. मी लिफ्ट खाली आणून ठेवीन.

तुझा भाचा